फ्रीजवरचं चुंबक

पाचशे चौऱ्याहत्तर.
बँकेतल्या पोराने स्क्रीन माझ्याकडे वळवली,
एक्स-रे दाखवावा तशी,
आणि आवाज खाली आणून म्हणाला,
"मॅडम, सातशेच्या आत आमच्याकडे बसत नाही."
सहा हप्ते. फ्रीजचे.
दवाखान्याने चार महिने पगार थकवला
त्या वर्षीचे.
फ्रीज अजून चालतो. मे महिन्यातही
दूध नासू देत नाही.
हे त्या आकड्यात कुठे दिसत नाही.

गाडी मिरवायला नको होती.
सावद्याहून पहिली एसटी सहाला
आणि भुसावळात डायलिसिसचं पहिलं मशीन
साडेपाचला धुऊन तयार लागतं.
दोन वर्षं केळीच्या ट्रकने गेले,
क्लीनरच्या जागेवर, पाय जॅकवर ठेवून.
माझ्या सगळ्या ओढण्यांना चिकाचे काळे डाग आहेत.
ज्या दिवशी ट्रक मिळायचा नाही
त्या दिवशी भंगाळे काका पायरीवर बसलेले असायचे,
कानाला मफलर, पाय सुजून चपलेबाहेर.
काही बोलायचे नाहीत.
घड्याळाकडेही बघायचे नाहीत, मुद्दाम.

भिशी उचलली, बोली लावून, तोट्यात.
अडुसष्ट हजार. त्यातच विमा, त्यातच नाव बदलणं.
फायनान्सवाला म्हणाला, स्कोअर-बिअर काही नको,
फक्त सव्वीस टक्के आणि तीन कोरे चेक.
मी त्याचा चहा अर्धा टाकून उठले.

रेल्वे क्वार्टरमागे, चिंचेखाली,
गार्डसाहेब गेल्यापासून उभी होती.
अल्टो, दोन हजार अकरा, एकेकाळी चंदेरी.
फिलोमिनाबाईंनी ताडपत्री ओढली
तर मागच्या सीटवर अजून
हिरवी झेंडी, नीट गुंडाळलेली.
मुनाफ तडवी मिस्त्री पोतं टाकून खाली शिरला.
मी पर्समधून चुंबक काढलं,
फ्रीजबरोबर फुकट आलेलं, आंब्याच्या आकाराचं,
ज्याखाली लाईटबिल अडकवते ते.
रुमालात धरून पत्र्यावर फिरवत गेले.
बॉनेट, धरतं. पुढचं दार, धरतं.
मागच्या डाव्या दारावर
आंबा सटकला, धुळीत पडला.
पुन्हा लावला. पुन्हा पडला.
"पुट्टी हाये," मुनाफ खालूनच बोलला,
"ठोकेल दिसते कधी तरी."

फिलोमिनाबाई झेंडीची घडी बोटाने दाबत राहिल्या.
"मीच ठोकली," म्हणाल्या, "शिकताना.
शेडच्या भिंतीला.
ह्यांनी एका दिवसात बुजवून, रंगवून आणली.
एक शब्द बोलले नाहीत.
चावी मात्र परत दिली नाही कधी."

मी चार हजार कमी करा म्हणायला तोंड उघडलं होतं.
मिटलं.
मग पुन्हा उघडलं. चार हजार म्हणजे चार हजार.
त्या म्हणाल्या, तीन.
आणि झेंडी काढून घेतली.

एसी मेलेला आहे.
काच खाली करायचं हँडल उलटं फिरतं.
दुसऱ्यावरून तिसरा टाकताना गाडी एकदा खोकते,
मुनाफ म्हणतो, "तेवढं चालतंच, बाई. सम्हालून चालवजा."
पाच वाजता बामणोदच्या पुढे
केळीच्या बागांमधून गार वारा आत येतो,
पाणी दिलेल्या मातीचा,
आणि मला एसीची आठवण राहत नाही.
साडेनऊपर्यंत तरी.
तापीच्या पुलाअलीकडे तो ट्रक पुढे होता.
मी डिपर दिला. क्लीनर मागे वळला,
ओळखलंच नाही त्याने.
मग ओळखलं,
आणि ट्रकच्या बाहेर कमरेपर्यंत लोंबकळत
कितीतरी वेळ हात हलवत राहिला.

पाच वाजून अठरा मिनिटं.
दवाखान्याला कुलूप. चौकीदार झोपलेला.
मी पायरीवर बसले,
काका बसतात त्याच, डाव्या बाजूच्या.
फरशी अजून कालच्या उन्हाने कोमट होती.